दोन हातांची काठी आणि दोन हात करण्याची वेळ

लांबी तीन फुटांच्या आसपास, जाडी अंगठ्याहून थोडी अधिक, वजन जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. जपानी 'हान्बो' या आखूड काठीला धार नाही, अणी नाही, मूठ नाही. दोन्ही टोके सारखी, त्यामुळे एक टोक धरले की दुसरे मारायला मोकळे राहते. तिच्याहून सव्वा फूट लांब असलेली 'जो' हाती घेतली, तर टोला हाणणे, खोचणे, ओढून पाडणे आणि दाबून धरणे ही सगळी कामे एकाच लाकडाने होतात. तलवारीचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानमध्ये या साध्या लाकडावर चारशे वर्षे बारकाईने विचार झाला आहे.

या विद्येच्या सौंदर्याबद्दल किंवा शिस्तीबद्दल कुणाचे दुमत नाही. वाद आहे तो तिच्या आजच्या उपयोगाबद्दल. रस्त्यावर, दुकानात, घराच्या दारात कुणी अंगावर धावून आले, तर आखूड काठीची ही विद्या जीव वाचवू शकते का? जपानमध्ये हा प्रश्न मध्यंतरी मागे पडला होता. २००२ मध्ये तिथे दंडसंहितेखाली नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या सुमारे साडेअठ्ठावीस लाख होती. २०२१ मध्ये ती पाच लाख अडुसष्ट हजारांवर आली. त्यानंतर मात्र ती पुन्हा चढू लागली आणि २०२३ मध्ये सात लाखांपुढे गेली. त्याच जपानमध्ये पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण आता २९ टक्क्यांच्या घरात आहे. हातात काठी असलेल्या माणसांची संख्या वाढत असताना ती काठी चालवता येते का, हा प्रश्न कुणी विचारला तर नवल नाही.

लांबीनुसार वेगळ्या वाटा

जपानी काठ्या 'शाकू' या मापाने मोजतात. एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटीमीटर. लांब काठी, 'बो', सहा शाकूंची, म्हणजे १८२ सेंटीमीटर. 'जो' चार शाकू, दोन सुन आणि एक बू, म्हणजे १२८ सेंटीमीटर. तिची जाडी २.४ सेंटीमीटर. हान्बो आणि 'तान्जो' तीन शाकूंच्या, म्हणजे ९१ सेंटीमीटर. लाकूड बहुधा 'काशी' या जपानी सदाहरित ओकचे असते. ते जड असते, चिवट असते आणि मार लागल्यावर सहसा चिरफळत नाही.

लांबी बदलली की समोरचा शत्रूही बदलतो, आणि आजच्या चर्चेतला बराच गोंधळ इथूनच सुरू होतो. शिंतो मुसो-र्‍यू या घराण्यात जो नेहमी तलवारीसमोर उभी राहते. त्याच घराण्याला जोडलेल्या उचिदा-र्‍यूची तान्जोसुद्धा तलवारीशीच झुंजते. कुकिशिन-र्‍यूच्या हान्बोमध्ये हात पकडणारा, ठोसा किंवा लाथ मारणारा माणूस समोर असतो. आयकिदो या युद्धकलेचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा यांनी जो वापरली ती मुख्यतः शरीराची हालचाल घडवण्यासाठी; त्यांचे शिष्य मोरिहिरो साइतो यांनी बसवलेला ३१ हालचालींचा 'काता', म्हणजे ठरलेल्या क्रमाचा सराव, आज जगभर केला जातो. 'जपानी काठी' म्हणून या तिन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या, तर उपयुक्ततेबद्दलचे कुठलेही विधान अर्धे खरे ठरते.

गोन्नोसुके आणि फुकुओकाचे शिपाई

जोच्या विद्येचा उगम सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुसो गोन्नोसुके या लढवय्यापाशी सांगतात. तो मियामोतो मुसाशी या विख्यात तलवारबाजाकडून हरला, क्यूशू बेटावरच्या होमान पर्वतावरील देवस्थानात तपाला बसला, तिथे त्याला दृष्टांत झाला, त्याने लांब काठी कापून आखूड केली आणि पुन्हा मुसाशीला गाठून त्याला नमवले, अशी घराण्याची कथा आहे. पहिल्या भेटीची हकिगत 'काइजो मोनोगातारी' या १६६६ च्या ग्रंथात येते. दुसऱ्या भेटीला मात्र घराण्याच्या मौखिक परंपरेखेरीज आधार नाही. अभ्यासक म्हणूनच पहिली लढत संभाव्य मानतात आणि दुसरी श्रद्धेच्या खात्यात जमा करतात. घराण्यातल्या अनेक शिक्षकांनाही त्यात वावगे वाटत नाही.

स्वसंरक्षणाच्या दृष्टीने दंतकथेपेक्षा पुढचा इतिहास जास्त बोलका आहे. गोन्नोसुकेला फुकुओकाच्या कुरोदा सरदारांनी आश्रय दिला आणि ही विद्या तिथल्या कनिष्ठ दर्जाच्या सैनिकांमध्ये रुजली. पहारा ठेवणे, दंगेखोराला आवरणे, गुन्हेगाराला जिवंत पकडून आणणे ही या लोकांची कामे. घराण्याला पुढे ज्या विद्या जोडल्या गेल्या त्याही याच कामाच्या आहेत: 'जुत्ते' हा पात्याला अडकवणारा लोखंडी दांडा, साखळीचे कोयते आणि दोरीने बांधण्याची कला. माणसाला न मारता आवरायचे, हा या घराण्याचा आदर्श पोलिसी गरजेतून आला असावा असे मानायला भरपूर जागा आहे. रणांगणावर शत्रूला जिवंत ठेवण्याची गरज क्वचितच पडते. चौकीवर ती रोज पडते.

तलवार गेली, हातकाठी आली

१८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी घातली. सामुराईच्या कमरेची तलवार गेली आणि शहरी पुरुषाच्या हातात पाश्चात्त्य धाटणीची फिरायची काठी आली. शिंतो मुसो-र्‍यूचे उचिदा र्‍योगोरो (१८३७–१९२१) यांनी हा बदल हेरला आणि जोच्या तंत्रातून तीन शाकूंच्या काठीसाठी बारा काता बांधले. सुरुवातीला या प्रकाराला चक्क 'सुतेक्की-जुत्सु', म्हणजे स्टिकची विद्या, असे इंग्रजी उसन्या शब्दाचे नाव होते. र्‍योगोरोंचे पुत्र उचिदा र्‍योहेइ हे पुढे कोकुर्‍यूकाइ या उग्र राष्ट्रवादी संघटनेचे संस्थापक म्हणून कुप्रसिद्ध झाले. तान्जोच्या जडणघडणीत त्यांचाही हात होता.

याच काळात युरोपातही सभ्य गृहस्थाच्या हातातल्या काठीचा विचार चालू होता. बंगळूरमध्ये १८६० साली जन्मलेला एडवर्ड विल्यम बार्टन-राइट हा इंग्रज अभियंता जपानमध्ये राहून जुजुत्सु शिकला. लंडनला परतल्यावर त्याने 'बार्टित्सु' नावाची मिश्र पद्धत काढली. जुजुत्सु, मुष्टियुद्ध आणि पिएर विन्यी या स्विस उस्तादाची हातकाठी असा तो मेळ होता. १९०१ मध्ये पिअर्सन्स मॅगझिनमध्ये त्याने हातकाठीने स्वतःचा बचाव कसा करावा यावर सचित्र लेख लिहिले. शेरलॉक होम्सने १९०३ च्या कथेत ज्या 'बारित्सु'च्या जोरावर कड्यावर मोरियार्टीच्या मिठीतून सुटल्याचे सांगितले, ते हेच नाव, एक अक्षर गाळून. विन्यीची पद्धत पुढे भारतातही पोहोचली. भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी एच. जी. लँग याने तिच्यावर आधारलेले हातकाठीचे पुस्तक १९२३ मध्ये छापले.

विन्यीची काठी जपानी नाही. ती तलवारबाजीच्या आणि छडीच्या युरोपीय खेळांतून आली. तरीही तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण 'जपानी काठीचे स्वसंरक्षण' म्हणून आज जे शिकवले जाते त्यात दोन्ही प्रवाह कित्येकदा सरमिसळ झालेले असतात. एकहाती, मनगटातून फिरवलेला झपाट्याचा फटका दिसला तर तो बहुधा युरोपकडचा. दोन्ही हात लाकडावरून सरकत जाणारे आणि टोकांची अदलाबदल करणारे काम दिसले तर ते जपानकडचे.

पोलिसांच्या हाती

फुकुओकाचे शेवटचे मोठे गुरू शिराइशी हान्जिरो १९२७ मध्ये वारले. त्यांचे शिष्य शिमिझु ताकाजी (१८९६–१९७८) टोकियोला आले आणि तिथल्या पोलिसांना त्यांनी जो शिकवायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात राखीव पोलीस पथकांच्या प्रशिक्षणात तिला जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाने बहुतेक युद्धकलांवर बंदी आणली, पण पोलिसांना काठी हवीच होती. त्यामुळे या विद्येला तगून राहायला वाट मिळाली. गुन्हेगार पकडण्याच्या तंत्राचा नवा अभ्यासक्रम, 'ताइहो-जुत्सु', याच सुमारास आखला गेला. त्या कामात शिमिझूंबरोबर वादो-र्‍यू कराटेचे ओत्सुका हिरोनोरी होते.

शतकानुशतके तलवारीसमोर घोटलेली तंत्रे इथे प्रत्यक्ष कामाला लागली, म्हणून हा टप्पा आढाव्यात महत्त्वाचा आहे. मात्र त्यावरून काढलेले निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. काठीच्या बाजूचे लोक म्हणतात, हजारो पोलिसांना अल्पावधीत शिकवता आलेली आणि अनेक वर्षे सेवेत राहिलेली विद्या निरुपयोगी कशी असेल? दुसरी बाजू दाखवून देते की पोलीस एकटा नसतो. त्याच्यामागे सहकारी असतात, गणवेशाचा धाक असतो, अंगावर चिलखती पोशाख असतो आणि पळून जाण्याचा पर्याय त्याला नसतो. सामान्य माणसाची परिस्थिती नेमकी उलट.

१९६० च्या दशकाने त्यात आणखी एक पदर जोडला. १९६७ च्या ऑक्टोबरात हानेदा विमानतळाजवळच्या चकमकीत विद्यार्थी आंदोलकही लाकडी दांडके घेऊन उतरले. 'गेबा-बो' या नावाने ते दांडके त्या पिढीचे चिन्हच बनले. दोन्ही बाजूंना लाकूड, पण एका बाजूला प्रशिक्षण, ढाली आणि पाण्याचे फवारे. काठीला सौम्य शस्त्र म्हणणाऱ्यांनी या काळाकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे. काठी किती सौम्य राहील हे तिच्या लाकडावर ठरत नाही, तिला उचलणाऱ्या हातावर आणि त्याला मिळालेल्या आज्ञेवर ठरते.

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, अखिल जपान केंदो (तलवारबाजी) महासंघाने जोचे बारा प्रमाण काता निश्चित केले आणि जोदो ही संघटित कला झाली.

हान्बो जगभर पसरते

हान्बोचा प्रवास वेगळ्या मार्गाने झाला. कुकिशिन-र्‍यूच्या परंपरेत चौदाव्या शतकातल्या सम्राट गो-दाइगोची एक कथा सांगतात. त्याला सोडवताना एका वीराच्या 'नागिनाता' या लांब दांड्याच्या हत्याराचे पाते तुटले आणि तो उरलेल्या दांड्यानेच लढत राहिला. विसाव्या शतकात ताकामात्सु तोशित्सुगु (१८८९–१९७२) यांच्याकडून ही परंपरा नोदा गावच्या हात्सुमी मासाआकी यांच्याकडे आली. त्यांनी बुजिन्कान या संस्थेद्वारे ती जगभर नेली. १९७१ मध्ये हात्सुमी आणि क्विंटिन चेंबर्स यांचे 'स्टिक फाइटिंग' हे पुस्तक कोदान्शाने इंग्रजीत काढले. तीन शाकूंच्या काठीने सामान्य माणसाने बचाव कसा करावा हाच त्याचा विषय आहे. जपानबाहेर आखूड काठीच्या स्वसंरक्षणाची जी कल्पना रूढ आहे, तिच्यावर या एका पुस्तकाची छाप फार मोठी आहे.

हान्बोचे पवित्रे लक्षवेधी आहेत. काठी मांडीसमोर आडवी धरलेली, एका हातात सैल सोडलेली, किंवा दोन्ही हातांनी कमरेमागे लपवलेली. पाहणाऱ्याला माणूस निवांत उभा आहे असेच वाटावे. त्यातून पुढे मनगट किंवा कोपर काठी आणि दंडाच्या कचाट्यात अडकवून खाली आणायचे, बरगडीवर दाब द्यायचा, मान अडकवायची.

या परंपरेच्या वंशावळीवर मात्र आक्षेप आहेत. ताकामात्सूंच्या हाती आलेल्या घराण्यांपैकी कोणती किती जुनी, कागदपत्रे कोणत्या काळातली, यावर जपानी युद्धविद्यांच्या अभ्यासकांत एकमत नाही. बुजिन्कानचे अनुयायी परंपरेच्या अखंडतेवर ठाम आहेत, तर टीकाकार बराच भाग विसाव्या शतकात रचला गेला असे मानतात. स्वसंरक्षणाचा प्रश्न मात्र या वादापासून वेगळा ठेवलेला बरा. विद्या जुनी असली म्हणून ती कामाची ठरत नाही, आणि नवी असली म्हणून टाकाऊही ठरत नाही.

आखूड होत जाण्याची ही प्रक्रिया तिथेही थांबली नाही. लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेले कराटेगुरू कुबोता ताकायुकी यांनी १९७० च्या दशकात 'कुबोटान' हा किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचा सुमारे १४ सेंटीमीटरचा दांडा प्रचारात आणला. सहा शाकूंपासून वीतभरावर येईपर्यंत लाकूड खिशात मावू लागले, पण काठीचा जो मूळ फायदा, म्हणजे शत्रूला लांब ठेवण्याचा, तो वाटेत गळून पडला.

काता पुरेसा आहे का?

आजच्या चर्चेचा गाभा इथे आहे. जपानी काठी कात्यातून शिकवली जाते: दोघांनी ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वारांनी केलेला सराव. जोदोच्या स्पर्धाही कात्याच्याच असतात. दोन जोड्या तोच काता करतात आणि पंच निशाण उचलून सरस कोण ते ठरवतात. कुणीही कुणाला हरवत नाही.

परंपरेच्या बाजूचे म्हणणे असे की बाहेरून दिसतो तेवढा काता ठरीव नसतो. शिंतो मुसो-र्‍यूमध्ये तलवारीची भूमिका ज्येष्ठ व्यक्ती करते. ती शिष्याच्या ताकदीचा अंदाज घेऊन वार थोडा लवकर, थोडा उशिरा, थोडा जवळून आणते. तलवार खरोखर डोक्यावर येते, आणि शिष्य हलला नाही तर लागते. त्यातून अंतराचा अदमास, वेळ साधणे आणि वार संपल्यावरही टिकणारी सावधानता अंगी मुरते. डॉन ड्रेगर (१९२२–१९८२) हे अमेरिकी मरीन अधिकारी शिमिझूंचे शिष्य होते. त्यांनी लढाईसाठीच्या विद्या आणि आत्मविकासासाठीच्या विद्या अशी विभागणी आपल्या ग्रंथांत केली आणि ती खूप लोकप्रिय झाली. कार्ल फ्रायडे यांच्यासारख्या इतिहासकारांनी नंतर दाखवून दिले की ही रेघ इतकी सरळ नाही. घराण्यांमध्ये आत्मघडणीचा हेतू आरंभापासूनच मिसळलेला होता. हे मान्य केले, तर 'पूर्वी ही विद्या निव्वळ लढाईची होती, आता पातळ झाली' हा नेहमीचा आरोप बराच सैल पडतो. काही शिक्षक तर स्पष्टच सांगतात की स्वसंरक्षण हा आपला हेतूच नाही आणि त्या मापाने आपल्याला मोजू नये.

चाचणीचा आग्रह धरणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. समोरचा मनाविरुद्ध हलत असेल, हूल देत असेल, मार खाऊनही पुढे येत असेल, तेव्हाच आपले तंत्र टिकते की नाही ते कळते. हा वाद पाश्चात्त्यांनी आणलेला नाही. अठराव्या शतकात खुद्द जपानमध्ये तलवारीचे काता केवळ देखणे झाले आहेत अशी तक्रार होऊ लागली होती. नागानुमा घराण्याने आणि नंतर इत्तो-र्‍यूच्या नाकानिशी चूझो यांनी बांबूची तलवार आणि चिलखत आणून मोकळ्या लढतीचा सराव रुजवला. त्यातूनच केंदो उभे राहिले. नागिनाताही विसाव्या शतकात नडगीच्या संरक्षकांसह मोकळ्या लढतीत उतरली. जो मात्र त्या वाटेने गेली नाही. छातीच्या खोबणीत किंवा कंठावर खोचणे हे तिचे मुख्य अस्त्र, आणि ते पूर्ण जोराने, सुरक्षितपणे करणे अवघड. स्पोर्ट्स चानबारामध्ये हवा भरलेली मऊ हत्यारे वापरून ही अडचण सोडवायचा प्रयत्न झाला, पण वजन गेले की लाकडाचा स्वभावही जातो.

परंपरावाद्यांचे प्रत्युत्तर केंदोच्याच अनुभवातून येते. मोकळ्या लढतीला नियम लागतात आणि नियम तंत्राला आपल्या साच्यात ओढतात. केंदोत गुण मिळतात ते डोके, मनगट, धड आणि कंठ या ठरलेल्या जागांचे. गुडघ्यावरचा फटका तिथे अस्तित्वातच नाही. आखूड काठीचे कित्येक उपयुक्त वार नेमके गुडघ्यावर आणि बोटांवर असतात.

दोन्ही बाजू नीट ऐकल्या तर त्या वाटतात तितक्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. कात्यातून काय करायचे ते कळते, विरोध करणाऱ्या जोडीदारातून ते कधी जमत नाही ते कळते. अडचण आहे ती फक्त एकावरच थांबलेल्या वर्गांची, आणि असे वर्ग दोन्हीकडे आहेत.

लाकडाला काय जमते

तंत्राच्या पातळीवर काही गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत आहे. ९० सेंटीमीटरची काठी हाताची पोच जवळपास दुप्पट करते. चाकू धरलेला माणूस चाकू लागेल इतक्या जवळ येण्याआधी काठीच्या टप्प्यात येतो. पुढे आलेला हात हे सर्वांत जवळचे आणि सर्वांत नाजूक लक्ष्य. फिरवून मारलेल्या फटक्याला मोकळी जागा लागते; अरुंद गल्लीत, जिन्यात किंवा गच्च भरलेल्या लोकलमध्ये ती नसते. खोच मात्र दारातूनही मारता येते, आणि ती मागे घेतली की काठी पुन्हा संरक्षणाला तयार असते. आखूड काठीच्या सर्व घराण्यांत खोचेला इतका मान का, याचे उत्तर तिच्या या काटकसरीत आहे.

मतभेद सुरू होतात ते अडकवण्याच्या आणि पेच टाकण्याच्या कामावर. मनगट काठीखाली दाबून माणसाला गुडघ्यावर आणण्याचे पेच प्रात्यक्षिकात देखणे दिसतात. घामाने ओला, जाड जॅकेट घातलेला, हात झटकत असलेला माणूस असेल तर ते साधणे फार कठीण जाते, हे पेच शिकवणारेही नाकारत नाहीत. पोलिसांना ते जमतात तेव्हा बहुधा दुसरा सहकारी पाय धरायला असतो. उलट बाजूने असेही म्हणता येते की कुणी काठीच पकडली तर तिथून पुढे पेचाखेरीज दुसरे काही उरत नाही. आखूड काठी हिसकावणे सोपे असते, म्हणूनच हान्बोत पकडीतून सुटण्याच्या युक्त्या इतक्या आहेत.

आणि डोके. साडेतीनशे ग्रॅमचे ओक वेगाने कानशिलावर बसले तर माणूस मरू शकतो. न मारता आवरणे हा घराण्याचा आदर्श काठी आपोआप पाळत नाही. तो अनेक वर्षांच्या सरावानंतर हातात येतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात तो सर्वांत आधी सुटतो.

जपानमधली अलीकडची उदाहरणे अंतर राखण्याच्याच बाजूने बोलतात. ओसाकाजवळच्या इकेदा प्राथमिक शाळेत ८ जून २००१ रोजी एका हल्लेखोराने आठ मुलांचा जीव घेतला. त्यानंतर देशभरच्या शाळांमध्ये 'सासुमाता' ठेवल्या गेल्या. एदो काळातल्या पोलिसांची ही बेचक्यासारखी लांब काठी. माणसाला भिंतीशी दाबून धरायचे आणि मदत येईपर्यंत वेळ काढायचा, एवढेच तिचे काम. २०२३ च्या नोव्हेंबरात टोकियोच्या उएनो भागातल्या दागिन्यांच्या दुकानात दरोडेखोर शिरले, तेव्हा एका कर्मचाऱ्याने सासुमाता उगारून त्यांना पिटाळून लावले. ते दृश्य टीव्हीवर देशभर दिसले. इथेही टीकाकारांचा सावध इशारा आहे: एकट्याने धरलेली सासुमाता हिसकावली जाऊ शकते, ती दोघातिघांनी मिळून वापरायची गोष्ट आहे.

कायदा काय म्हणतो

जपानी दंडसंहितेचे ३६ वे कलम तत्काळ आणि बेकायदा हल्ल्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा हक्क वाचवण्यासाठी नाइलाजाने केलेली कृती शिक्षेतून वगळते. मर्यादा ओलांडली गेल्यास शिक्षा कमी किंवा माफ होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या एका निकालाचा स्वसंरक्षणाच्या चर्चेत वारंवार दाखला दिला जातो. आपल्याहून तरुण आणि धडधाकट माणूस अंगावर येत असताना आरोपीने स्वयंपाकाची सुरी काढून त्याला दरडावले होते. दोघांच्या वयातला आणि ताकदीतला फरक लक्षात घेऊन न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. काठी उगारून थांबवणे आणि काठी मारणे यांत किती फरक आहे, ते या निकालाच्या उजेडात स्पष्ट दिसते.

बाळगण्याचा प्रश्न वेगळा. १९४८ चा किरकोळ गुन्ह्यांचा कायदा योग्य कारणाशिवाय घातक साधन लपवून बाळगण्यास मनाई करतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्रुधुराचा फवारा बाळगणाऱ्या एका माणसाला सोडून दिले, कारण त्याच्या नोकरीत रोकड ने-आण करावी लागत असे आणि फवारा जवळ असण्याला सबळ कारण होते. योग्य कारण म्हणजे काय हे प्रत्येक प्रकरणात नव्याने तपासले जाते. त्यामुळे खिशातला कुबोटान संशयाच्या छायेत राहतो. चालण्यासाठीची काठी मात्र उघड हातात असते आणि तिचे कारण स्वतःच बोलते. हातकाठीचे समर्थक या मुद्द्यावर सर्वाधिक भर देतात, आणि त्यांचा हा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे.

पण गरज असणाऱ्याची काठी

खरी अडचण त्यापुढे येते. ज्याला चालायला काठी लागते, त्याने ती उचलली की त्याचा तोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याचा सर्वाधिक धोका साठीपुढच्यांना असतो. वृद्धाला दोन पावले मागे सरून खोच मारायला शिकवताना आधी ती दोन पावले सुरक्षित आहेत का हे पाहावे लागते. म्हणून काही शिक्षक ज्येष्ठांसाठी लढाई बाजूला ठेवतात आणि पायांची ठेवण, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, काठी न उचलता तिच्या आधारे वळणे एवढेच शिकवतात. त्याचा फायदा हल्लेखोरापेक्षा जिन्यावर जास्त होईल, आणि तो फायदा कमी मोलाचा नाही.

साधनही बदलले आहे. आजची हातकाठी ओकची नसते. ती पोकळ अॅल्युमिनियमची असते, लांबी कमी-जास्त करायला तिच्यात सांधा असतो, वर वाकडी मूठ आणि खाली रबरी टोपी. खोच जोरात मारली तर सांधा आत सरकू शकतो. शिवाय जोचे आणि हान्बोचे जवळपास सगळे काम गुळगुळीत लाकडावरून हात सरकवण्यावर उभे आहे. मूठ आणि टोपी तिथेच आड येतात. जुन्या कात्यांतले काय या नव्या काठीवर उतरते आणि काय उतरत नाही, याचा पद्धतशीर विचार मोजक्याच शिक्षकांनी केला आहे.

अजून न सुटलेले

तपासणीचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. चाचणी घ्यायची तर ती कशाची? आखाड्यात समोरासमोर उभ्या केलेल्या दोन सरावलेल्या माणसांची, की बोळात अचानक हटकलेल्या साठीच्या बाईची? पहिली घेणे सोपे आहे, पण सामान्य माणसाच्या बचावाबद्दल ती फारसे सांगत नाही. दुसरी घेणे अवघड आणि धोक्याचे आहे, पण प्रश्न तिचाच आहे. यशाचे मापही ठरलेले नाही. मोकळ्या लढतीवाले लागलेले वार मोजतील. कायदा कृती आवश्यक होती का आणि प्रमाणात होती का ते पाहील. जुन्या घराण्यातले गुरू शिष्याचे अंतर आणि सावधानता पाहतील. आणि घरी सुखरूप पोहोचलेल्या माणसाला काठी एकदाही लागली नसेल, तर त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, यावर या तिघांचे उत्तर आजही वेगवेगळे आहे.